ईसीजीविषयी तुमचे प्रश्न: आधी पट्टी तपासा, मग हृदय

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेच्या संकेतांची नोंद, आणि ती ज्या कागदावर उमटते ती पट्टी. त्यासंबंधी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांत रुग्णांचे नातेवाईक आहेत, नर्सिंगचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, तंत्रज्ञही आहेत. पत्रांतले बरेचसे घोळ हृदयाचे नाहीत, पट्टी काढतानाचे आहेत. म्हणून उत्तरांतही त्या भागाला जास्त जागा दिली आहे. औषधोपचाराचा निर्णय मात्र रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

प्रश्न: मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. पट्टीवरून ठोके मोजले की माझा आकडा मशीनने छापलेल्या आकड्याशी जुळत नाही. कधी कधी मशीनचा आकडा थेट दुप्पट असतो. कोणाचे खरे मानायचे?

उत्तर: मोजायला बसण्याआधी कागदाच्या कडेला छापलेल्या दोन नोंदी वाचा. '२५ मिमी/सेकंद' हा कागदाचा वेग आणि '१० मिमी/मिलिव्होल्ट' हे उंचीचे प्रमाण. ओळीच्या सुरुवातीला किंवा शेवटी एक चौकोनी खूण असते, ती दहा लहान चौकटी उंच हवी. कोणी वेग ५० वर ठेवला असेल तर सगळे ताणलेले दिसते, ठोके निम्मेच भरतात आणि चांगला क्यूआरएससुद्धा (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची, म्हणजे निलयांची, टोकदार लाट) रुंद वाटतो. उंची ५ वर असेल तर सगळ्या लाटा खुज्या दिसतात.

वेग २५ असताना लहान चौकट ०.०४ सेकंदाची आणि मोठी ०.२ सेकंदाची. ठोके नियमित असतील तर लागोपाठच्या दोन आर टोकांमधल्या (आर म्हणजे क्यूआरएसचे वरचे टोक) मोठ्या चौकटी मोजा आणि ३०० ला त्या संख्येने भागा. तीन चौकटी म्हणजे मिनिटाला १००, चार म्हणजे ७५, पाच म्हणजे ६०. जास्त काटेकोर हवे असेल तर लहान चौकटी मोजून १५०० ला भागा. अनियमित ठोक्यांना ही रीत लावू नका, कारण कुठले दोन ठोके निवडले यावर उत्तर बदलते. तिथे तळाच्या १० सेकंदांच्या सलग ओळीतले क्यूआरएस मोजून सहाने गुणा.

आता दुप्पट आकड्याचे. टी लाट (क्यूआरएसनंतर येणारी) उंच आणि टोकदार असेल तर मशीन तिलाच दुसरा क्यूआरएस समजते. असे दिसले की आकडा खोडून पुढे जाऊ नका. उंच, अरुंद, टोकदार टी लाटा रक्तातले पोटॅशियम वाढल्याची खूण असू शकतात आणि ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घालायला हवे. उलट क्यूआरएस बुटके असतील तर मशीनकडून ठोके सुटतात आणि आकडा कमी येतो. शंका आली की स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण मिनिट मोजा. फक्त मनगटावर विसंबू नका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) काही ठोके इतके दुबळे असतात की नाडीपर्यंत पोहोचतच नाहीत.

एक सवय आत्तापासूनच लावून घ्या. ठोके मोजून झाले की प्रत्येक पी लाटेमागे (वरच्या कप्प्यांची छोटी लाट) क्यूआरएस येतो का, ते पाहा. पीआर अंतर (पी च्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत) तीन ते पाच लहान चौकटींत हवे, क्यूआरएस तीनपेक्षा कमी रुंद हवा. पीआर दर ठोक्याला थोडे थोडे वाढत जाऊन एक क्यूआरएस गळला, तर तो विजेच्या संकेताच्या वाटेतला वेंकेबाख प्रकारचा अडथळा. पीआर एकसारखे असूनही अचानक क्यूआरएस गळत असेल, तर ते जास्त गंभीर. दोन्हींतला फरक मशीन पुष्कळदा चुकते.

प्रश्न: मी ईसीजी तंत्रज्ञ आहे. एका धडधाकट तरुणाच्या पट्टीवर मशीनने 'बाजूच्या भिंतीचा जुना झटका' असे छापले. तासाभराने पुन्हा काढली तर पट्टी स्वच्छ. असे का होते?

उत्तर: हातांच्या तारा अदलाबदल झाल्या असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. खुणा ठरलेल्या आहेत. लीड म्हणजे ठरावीक इलेक्ट्रोडमधून हृदयाकडे पाहणारी एक नोंद. लीड १ मध्ये पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही उलटे पडतात, आणि एव्हीआर ही उजव्या हाताकडून पाहणारी लीड, जी नेहमी खाली झुकलेली असते, ती वर उठते. छातीच्या लीड (व्ही१ ते व्ही६) मात्र ठीक दिसतात. हृदय उजवीकडे असलेल्या माणसातही लीड १ उलटी येते, पण त्याच्या छातीच्या लीडमध्ये व्ही१ पासून व्ही६ कडे जाताना आर लाट वाढण्याऐवजी लहान होत जाते. आणखी एक अदलाबदल ओळखून ठेवा. उजव्या हाताची आणि उजव्या पायाची तार बदलली गेली तर लीड २ जवळजवळ सपाट रेघ होते. लीड १, २ आणि ३ पैकी एकच सपाट दिसली तर तारांकडे पाहा.

छातीवरच्या जागांची चूक याहून जास्त वेळा होते आणि ती पट्टीवर सहज पकडताही येत नाही. जागा नजरेने ठरवू नका, बोटाने शोधा. गळ्याखालच्या खळग्यातून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणा. तीन-चार बोटांवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या लगत दुसरी बरगडी असते आणि तिच्याखालची दोन बरगड्यांमधली फट ती दुसरी फट. तिथून खाली मोजत चौथ्या फटीत या. हाडाच्या उजव्या कडेला व्ही१, डाव्या कडेला व्ही२. मग व्ही३ सोडून आधी व्ही४ लावा: पाचवी फट, डाव्या हसळीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली सोडलेल्या रेषेवर. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या बरोबर मध्ये. व्ही५ काखेच्या पुढच्या घडीच्या रेषेत आणि व्ही६ काखेच्या मध्यरेषेत, दोन्ही व्ही४ च्या आडव्या पातळीत. बरगडीच्या वळणामागे वर जाऊ नका. स्तनाग्राच्या खुणेवर जागा ठरवू नका, ती प्रत्येकाची वेगळी असते. स्त्रियांमध्ये व्ही४ ते व्ही६ स्तनाच्या खाली लावायची पद्धत आहे. ते लावण्यापूर्वी काय करणार हे सांगा, अंगावर कापड द्या आणि स्तन उचलायचा असेल तर हाताच्या मागच्या बाजूने उचला.

व्ही१ आणि व्ही२ एक-दोन फटी वर लागले की काय होते? आर लाट खुजी होते आणि मशीन 'पुढच्या भिंतीचा जुना झटका' छापते. व्ही१ मध्ये दुसरी छोटी आर उगवून उजव्या शाखेच्या (उजव्या निलयाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेच्या) अडथळ्यासारखा आकारही दिसतो. वर सरकलेल्या व्ही१ मध्ये पी लाट बहुधा पूर्ण उलटी असते, आणि व्ही२ मध्येही पी उलटी दिसली तर इलेक्ट्रोड वर गेल्याचे जवळपास पक्के समजा. एखाद्याला झटक्याचा शिक्का लावण्यापेक्षा दोन इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावणे केव्हाही बरे.

पट्टी थरथरत असेल तर फिल्टरचे बटण दाबण्याआधी दोष कुठल्या तारेत आहे ते शोधा. लीड १ म्हणजे डावा हात उणे उजवा हात, लीड २ म्हणजे डावा पाय उणे उजवा हात, लीड ३ म्हणजे डावा पाय उणे डावा हात. आता १ आणि ३ मध्ये गोंधळ आहे पण २ स्वच्छ आहे, तर दोन्हींत समान असलेला डावा हात दोषी. १ आणि २ खराब, ३ स्वच्छ असेल तर उजवा हात. एवढ्याने दहा इलेक्ट्रोड पुन्हा लावण्याचे काम वाचते. तो एक काढा, केस असतील तर कापा, त्वचा कोरड्या जाळीदार कापडाने घासा, तेलकट असेल तर स्पिरिटने पुसून वाळू द्या आणि ताजे इलेक्ट्रोड लावा. पाकीट उघडे राहिले की जेल सुकते, हे पुष्कळदा ध्यानातच येत नाही. रेघ एकसारखी जाड दिसत असेल तर ती वीजवाहिनीची कुरकुर. श्वासाबरोबर रेघ वरखाली झुलत असेल तर त्वचेशी नीट संपर्क नाही.

पार्किन्सनच्या रुग्णात वेगळाच फसवा प्रकार घडतो. त्याच्या हाताची थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा होते, आणि सेकंदाला पाच म्हणजे मिनिटाला ३००. एट्रियल फ्लटरच्या (वरच्या कप्प्यांची अतिजलद, नियमित लय) लाटांचा वेगही साधारण तेवढाच! अशा रुग्णाचे हात त्याच्याच नितंबांखाली ठेवा किंवा हातांचे इलेक्ट्रोड खांद्याजवळ न्या, आणि जागा बदलल्याची नोंद पट्टीवर करा.

फिल्टर वापरलाच तर त्याचीही नोंद हवी. ४० हर्ट्झचा फिल्टर थरथर घालवतो, पण सोबत क्यूआरएसचे बारीक कोन आणि पेसमेकरच्या खुणाही पुसट करतो. निदानासाठीच्या पट्टीत वरची मर्यादा १५० हर्ट्झ आणि खालची ०.०५ हर्ट्झ ठेवतात. साध्या फिल्टरची खालची मर्यादा ०.५ हर्ट्झवर गेली की एसटी भाग (क्यूआरएस आणि टी यांच्यामधला) खोटाच वर किंवा खाली सरकू शकतो. म्हणूनच पलंगाजवळच्या मॉनिटरवर एसटी बदललेला दिसला तरी बारा लीडची पट्टी काढल्याशिवाय त्यावर मत देऊ नये.

प्रश्न: वडिलांच्या छातीवर दाब आला. पहिला ईसीजी नॉर्मल आला, तरी त्यांना काही तास थांबवून तीनदा ईसीजी आणि दोनदा रक्ततपासणी केली. याची गरज होती का?

उत्तर: होती. डॉक्टरांनी योग्य तेच केले. एक पट्टी म्हणजे हृदयाचे दहा सेकंद. रक्तवाहिनीतली गुठळी बनते, थोडी विरघळते, पुन्हा बनते. ती वाट मोकळी असताना पट्टी काढली तर ती निर्दोष येऊ शकते. म्हणून पहिला ईसीजी रुग्ण आल्यापासून १० मिनिटांच्या आत काढतात आणि दुखणे सुरूच असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढतात. ट्रोपोनिन हे हृदयस्नायूतले प्रथिन रक्तात चढायला वेळ लागतो. एकदा तपासून भागत नाही, दोन नमुन्यांत ते वाढते आहे का ते पाहतात.

दुसरे कारण जागेचे. छातीवरचे सहा इलेक्ट्रोड हृदयाकडे समोरून आणि डावीकडून पाहतात. मागच्या भिंतीला इजा झाली तर त्यांना ती थेट दिसत नाही, व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली बसलेला दिसतो इतकेच. तेव्हा पाठीवर व्ही७ ते व्ही९ लावून पाहतात. लीड २, ३ आणि एव्हीएफ मध्ये एसटी उचललेला असेल तर छातीच्या उजव्या बाजूलाही एक इलेक्ट्रोड लावतात. उजवा निलयही झटक्यात सापडला असेल तर नायट्रोग्लिसरीन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाने रक्तदाब धोकादायक घसरू शकतो, म्हणून हे आधी कळलेले बरे.

वर उचललेला प्रत्येक एसटी हा झटका नसतो हेही खरे. हृदयावरणाची सूज, डाव्या निलयाची जाड झालेली भिंत, डाव्या शाखेचा अडथळा, काही निरोगी तरुणांची मूळची ठेवण, या सगळ्यांत तो दिसतो. अशा वेळी सर्वात उपयोगी पडते ती जुनी पट्टी. वडिलांच्या प्रत्येक ईसीजीचा तारखेसह फोटो फोनमध्ये ठेवा, कारण उष्णतेने उमटणारा कागद वर्ष-दोन वर्षांत फिका पडतो. आणि छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक दम असे पुन्हा झाले तर जुना ईसीजी नॉर्मल होता म्हणून घरी थांबू नका. रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न: माझे वय ३२. मनगटावरच्या घड्याळाने 'अनियमित ठोके' असा इशारा दिला. घाबरावे का? आणि घड्याळाला हृदयविकाराचा झटका कळतो का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही. घड्याळाचा ईसीजी म्हणजे दोन हातांमधली एकच लीड. झटका ओळखायला लागणाऱ्या बाकीच्या लीड तिथे नाहीत. घड्याळ 'सामान्य' म्हणते म्हणून छातीतले दुखणे अंगावर काढू नका.

इशाऱ्याचे दोन प्रकार असतात. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून ठोके मोजतो, तो ईसीजी नव्हे. दुसऱ्या हाताचे बोट ठेवून ३० सेकंद थांबल्यावर जी रेघ मिळते ती ईसीजी. तुम्हाला पहिला इशारा आला असेल तर दुसरी नोंद काढा. खुर्चीत बसा, दोन्ही हात टेबलावर टेका, पट्टा घट्ट करा, बोलू नका. मिळालेली नोंद पीडीएफ करून डॉक्टरांना दाखवा. अधूनमधून येणारा आगाऊ ठोका निरोगी माणसातही आढळतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मात्र पी लाटा नाहीशा होतात आणि ठोक्यांमधल्या अंतराला काही क्रमच उरत नाही.

तरुणपणी अशा इशाऱ्याला किती वजन द्यायचे, ते हिशेबाने पाहू. समजा एखादे उपकरण आजार असलेल्या १०० पैकी ९५ जणांना पकडते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ९५ जणांना बरोबर सोडते. ज्या गटात शंभरात एकालाच आजार आहे अशा १०,००० लोकांवर ते वापरले. आजारी १००, त्यांतले ९५ पकडले. निरोगी ९,९००, त्यांतल्या ४९५ जणांना उगाच इशारा. एकूण ५९० इशाऱ्यांत खरे ९५, म्हणजे सहातला एक. आजार याहून दुर्मीळ असलेल्या वयोगटात हे प्रमाण आणखी घसरते. म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. खरेच फिब्रिलेशन असेल तर पक्षाघाताचा धोका तोलून रक्त पातळ ठेवणारे औषध द्यायचे की नाही हे ठरवावे लागते. चक्कर, शुद्ध हरपणे किंवा दम लागणे सोबत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहोत. एमआयटी-बीआयएच या ईसीजी नोंदींच्या संग्रहावर आमचे मॉडेल ठोक्यांचे वर्गीकरण ९९ टक्के अचूक करते. स्वतःच्या बोर्डवरून घेतलेल्या नोंदींवर मात्र ते कोलमडते. चूक कुठे?

उत्तर: बहुधा ९९ हा आकडाच फसवा आहे. या संग्रहात अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, ४७ माणसांच्या. २०१ आणि २०२ या दोन नोंदी एकाच माणसाच्या. तुम्ही सगळे ठोके एकत्र ढवळून प्रशिक्षण आणि चाचणी असे वाटले असतील, तर एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे गेले. एका माणसाचे ठोके एकमेकांसारखे असतात. मॉडेलने आजार नव्हे, माणसे ओळखली. विभागणी माणसागणिक करा, आणि पेसमेकरच्या १०२, १०४, १०७, २१७ या चार नोंदी रीतीप्रमाणे बाजूला ठेवा. तुमचा आकडा खाली येईल, पण तो खरा असेल.

शिवाय या चार नोंदी वगळल्यावर दहातले जवळपास नऊ ठोके 'एन' (सामान्य आणि त्यांसारखे) गटात पडतात. काहीही न शिकता प्रत्येक ठोक्याला 'एन' म्हणणारे मॉडेलही ९० टक्क्यांच्या आसपास जाते. एकूण अचूकता छापू नका. प्रत्येक गटासाठी किती पकडले आणि पकडलेल्यांत खरे किती, हे दोन आकडे वेगवेगळे द्या. अलिंदातून (वरच्या कप्प्यातून) येणाऱ्या आगाऊ ठोक्यांच्या गटात खरी कसोटी लागते, कारण त्यांचा क्यूआरएस नेहमीसारखाच दिसतो. फरक फक्त वेळेत आणि पी लाटेत असतो. मागच्या-पुढच्या आरआर अंतरांची (लागोपाठच्या आर टोकांमधल्या वेळांची) माहिती मॉडेलला दिली नसेल तर ते गट ओळखणार कशाने?

आता बोर्डकडे वळू. संग्रहातली पहिली वाहिनी बहुतेक नोंदींत छातीवर इलेक्ट्रोड लावून घेतलेली लीड २ आहे, तुम्ही कदाचित दोन मनगटांवरून लीड १ घेत आहात. नमुने तिथे सेकंदाला ३६० आहेत आणि १ मिलिव्होल्ट म्हणजे २०० एकके. तुमच्या बोर्डचा वेग आणि एकके वेगळी असतील तर आधी दोन्ही जुळवा.

आर टोके शोधायला पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ ची पद्धत वापरली असेल तर एक जागा नक्की तपासा. तिचे टप्पे असे: साधारण ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा ठेवणे, उतार काढणे, वर्ग करणे, १५० मिलिसेकंदांच्या खिडकीत सरासरी घेणे, मग बदलता उंबरठा. मूळ पद्धत सेकंदाला २०० नमुन्यांसाठी होती, तिथे ही खिडकी ३० नमुन्यांची. कोणाचा तयार कोड घेऊन ३० तसेच ठेवले आणि डेटा ३६० चा असला, तर खिडकी ८३ मिलिसेकंदांवर येते. रुंद क्यूआरएस मग दोन तुकड्यांत फुटू शकतो. इथे ५४ हवेत. फिल्टरचे गुणांकही नव्याने काढावे लागतात. टी लाटेला ठोका समजण्याची चूक टाळायला मूळ पद्धतीत अट आहे: आधीच्या ठोक्यापासून ३६० मिलिसेकंदांच्या आत आलेल्या टोकाचा उतार निम्म्यापेक्षा कमी असेल तर ते सोडून द्या. घाईत लिहिलेल्या कोडमध्ये नेमकी हीच अट गाळलेली असते.

हौशी प्रकल्पांतले छोटे बोर्ड पुष्कळदा ०.५ ते ४० हर्ट्झच जाऊ देतात. त्यांच्यावर लयीचा अभ्यास करा, एसटीचा करू नका. इलेक्ट्रोड आणि त्वचेत मिळून ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा स्थिर दाब साचू शकतो आणि तुमचा संकेत जेमतेम १ मिलिव्होल्ट. पहिल्याच टप्प्यात फार वर्धन दिले की प्रवर्धक टोकाला जाऊन अडकतो आणि रेघ सपाट होते. मॉडेलने त्याला 'ठोका थांबला' म्हणण्याआधी तार सुटल्याची तपासणी हवी. आणि हे कसोशीने पाळा: माणसाला इलेक्ट्रोड लावलेले असताना बोर्ड बॅटरीवर चालवा, लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. वैद्यकीय दर्जाचे विलगीकरण नसलेले उपकरण वीजवाहिनीला जोडून अंगाला लावणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न: साध्या तापात काढलेल्या ईसीजीवर 'क्यूटीसी ४६५, वाढलेले' असे आले. वय ४०, पुरुष. हे धोक्याचे आहे का?

उत्तर: क्यूटी म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लाट संपेपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदांत; क्यूटीसी म्हणजे ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेले क्यूटी. तापात ठोके किती होते ते आधी पाहा. मशीन बहुधा बॅझेटचे सूत्र वापरते: क्यूटीला आरआर अंतराच्या वर्गमुळाने भागणे. ठोके १०० असतील तर आरआर ०.६ सेकंद. मोजलेले क्यूटी ३६० असेल तर या सूत्राने ४६५ येते. फ्रिडेरिशियाच्या घनमुळाच्या सूत्राने तेच क्यूटी ४२७ भरते, म्हणजे पुरुषांच्या ४५० च्या मर्यादेत. जलद ठोक्यांवर बॅझेट आकडा फुगवतो. ताप उतरून ठोके ७० च्या घरात आले की पट्टी पुन्हा काढा आणि लीड २ किंवा व्ही५ मध्ये क्यूटी हाताने मोजून घ्यायला सांगा. टी लाटेच्या मागे छोटी यू लाट असेल तर मशीन तीही मोजून मोकळे होते.

तरीही ४८० च्या पुढचा आकडा टिकून राहिला तर कारण शोधावेच लागते, आणि ५०० च्या पुढे घातक लयबिघाडाचा धोका स्पष्ट वाढतो. अझिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके, अमिओडॅरोन, मानसिक आजारांवरची काही औषधे, तसेच जुलाब-उलट्यांनी घटलेले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही नेहमीची कारणे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची, जडीबुटीसकट, यादी डॉक्टरांकडे न्या. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल किंवा तुम्हाला स्वतःला धावताना, पोहताना कधी शुद्ध गेली असेल, तर ते न विचारताही सांगा.